फोटोची मागची बाजू

दर वर्षी १२ जानेवारीच्या सकाळी सोलापूरकरांच्या मोबाइलवर एक फोटो फिरायला लागतो. रस्ता भरून माणसं, पुढे झेंडा, बहुतेकांच्या डोक्यावर गांधी टोपी. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं: ‘मार्शल लॉ, सोलापूर १९३०’. याच तारखेला १९३१ साली मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. गावानं त्या दिवशी त्यांना आठवावं हे योग्यच आहे. मीही तो फोटो दोन-तीन वर्षं पुढे धाडला होता.

मग एकदा तो घरातल्या मोठ्या स्क्रीनवर उघडला. झेंड्यावर चरखा नव्हता, चक्र होतं. चक्राचा झेंडा घटना समितीनं स्वीकारला तो २२ जुलै १९४७ला. शिवाय मे-जून १९३०च्या मार्शल लॉच्या, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी अमलाच्या, त्या सात आठवड्यांत सोलापुरात गांधी टोपी घालून रस्त्यावर येणं म्हणजे मार किंवा तुरुंग ओढवून घेणं होतं. मग इतक्या टोप्यांची मिरवणूक कॅमेऱ्यासमोरून दिवसाढवळ्या निघेल कशी? ज्या फोटोवरून आम्ही १९३० आठवत होतो तो १९३०चा नव्हताच.

मूळ फोटो सापडायला आणखी दीड वर्ष लागलं. पूर्व भागातल्या एका घरात, पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली तो होता. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, एका कोपऱ्याला कसर लागलेली. हातात घेतला आणि लक्षात आलं की मोबाइलवर फिरतो तो फोटो डावीकडून कापलेला आहे. कापलेल्या भागात बायका होत्या. नऊवारी नेसलेल्या वीस-बावीस बायका, दोघीतिघींनी विड्या वळायची सुपं डोक्यावर धरलेली, आणि पुढे कापडी फलक. फलकावर एक ओळ मराठीत, अर्धी घडीत गेलेली, आणि खाली एक ओळ तेलुगूत. मला तेलुगू वाचता येत नाही. घरातल्या मावशींनी चष्मा लावून वाचली: विडी कामगार बायका. मागच्या बाजूला फोटो स्टुडिओचा रबरी शिक्का, शाई उडालेली, आणि पेन्सिलीनं लिहिलेलं साल. १, ९, ५ आणि पुढचा आकडा पुसलेला.

फोटो फिरवणाऱ्यानं वाईट हेतूनं बायका कापल्या असतील असं मला वाटत नाही. मोबाइलच्या चौकटीत बसेना म्हणून कापलं असेल, आणि ‘मार्शल लॉ’ ही अंदाजानं टाकलेली ओळ असेल. पण परिणाम व्हायचा तो झालाच. एका मोर्चाचं साल गेलं, मागणी गेली, भाषा गेली, बायका गेल्या, आणि हुतात्म्यांच्या पदरातही एक चुकीचा पुरावा पडला.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की प्रत्येक शहराला स्वतःचं दप्तर हवं. जुन्या फोटोंचा आल्बम किंवा नगरपालिकेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका त्याची जागा घेऊ शकत नाही. जिथे फोटोची मागची बाजूही जपली जाते, कुणी दिला, कुठे सापडला, त्यात कोण आहे, हे कुणी सांगितलं याची नोंद होते, आणि कुणालाही जाऊन बघता येतं अशी एक खोली हवी. ती त्या शहरातच हवी. तिचा खर्च नगरपालिकेनं किंवा महापालिकेनं करावा, जसा ती पाण्याच्या टाकीचा करते.

हे काम हौशी लोकांवर सोडून भागणार नाही. हौशी लोकांनी पुष्कळ वाचवलं आहे, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण हौस माणसाबरोबर संपते. माझ्या ओळखीत तीन माणसांकडे गावाचे उत्तम संग्रह होते. दोघं गेली. एकाचा संग्रह मुलानं पुण्याला फ्लॅटवर नेला, दुसऱ्याचा घर पाडताना गेला. तिसऱ्यांचं वय ८१ आहे आणि त्यांच्या कपाटात काय आहे याची यादी फक्त त्यांच्या डोक्यात आहे.

सोलापूरसारख्या गावाचा छापील इतिहास वाचायला बसलं की काय मिळतं पाहा. १८८४चं गॅझेटियर मिळतं. ते पिकं, पाऊस, जाती, देवळं, बाजारभाव सगळं सांगतं, पण कलेक्टरच्या खुर्चीतून. १८७६-७७च्या दुष्काळाचे आकडे मिळतात. त्याच दुष्काळाच्या मागोमाग, १८७७ला, सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला गाव जुनी गिरणी म्हणतं, तिची मालकी कुणाकडून कुणाकडे गेली हे मिळतं. आणि ही गिरणी तर थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. २७ ऑगस्ट १९४९ला ती बंद पडली, ९ जानेवारी १९५०ला सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार हातात घेतला, आणि चिरंजीतलाल चौधुरी नावाच्या एका भागधारकानं त्याला आव्हान दिलं. डिसेंबर १९५०चा तो निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात, कारण समानतेच्या आणि मालमत्तेच्या हक्कांवरचा तो अगदी सुरुवातीचा निकाल आहे. भागधारकाचं नाव असं देशाच्या इतिहासात कायम झालं. गिरणी बंद होती त्या महिन्यांत साचा खात्यातला, म्हणजे मागावरचा, माणूस काय खात होता, हे त्या निकालात नाही. तिथे असायचं कारणही नाही.

ते मला एका किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत मिळालं. माझ्या वर्गमित्राच्या आजोबांचं गिरणीजवळ दुकान होतं. लांबट वही, लाल कापडाचा पुठ्ठा, दोऱ्यानं शिवलेली, आणि लिहिलेलं सगळं कन्नडमध्ये. मित्राची आई वाचत गेली, मी उतरवत गेलो. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. डावीकडे नेलेला माल, उजवीकडे जमा. ऑगस्ट १९४९पर्यंत उजवी बाजू दर महिन्याला पगाराच्या आसपास भरलेली. सप्टेंबरपासून ती कोरी होत जाते. डावीकडे आधी चहा आणि गूळ थांबतो. मग गोडेतेल पावशेरावरून छटाकावर येतं. नोव्हेंबरच्या पुढे काही पानांवर आडवी रेघ आणि दोनच शब्द: ऊरिगे होद. गावी गेला. त्या काकू हे वाचता वाचता थांबल्या आणि म्हणाल्या, “मामंजींनी ही रक्कम कधीच मागितली नाही रे, आमच्याकडे हे माहीत होतं, पण का ते आज कळलं.”

ही वही त्या घरानं जपली याचं कारण इतिहास नव्हतं. दिवाळीच्या वहीपूजनातली वही फेकायची नाही म्हणून ती राहिली. अशी किती राहिली असतील? गिरणीचे पत्र्याचे नाहीतर पितळी बिल्ले, पगाराच्या चिठ्ठ्या, चाळीच्या भाड्याच्या पावत्या, जातपंचायतीच्या जमाखर्चाच्या वह्या, भिशीची कार्डं, तालमींच्या वर्गणीच्या याद्या, शाळेतले ग्रुप फोटो ज्यात पहिल्या रांगेत बूट आणि मागच्या रांगेत अनवाणी पाय. गावाचा इतिहास यात आहे, आणि ही सगळी कागदं एका पिढीच्या घर बदलण्यात जाऊ शकतात. सोलापुरातल्या चाळी आणि वाडे आज पाडले जात आहेत, त्यामुळे हे काम दहा वर्षांनी करू म्हणण्यात अर्थ नाही.

‘पुण्यात पुराभिलेखागार आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, कागद तिकडे द्या, ते नीट सांभाळतील,’ असं काहीजण सुचवतात. त्या संस्थांचं ऋण महाराष्ट्रावर मोठं आहे. इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांनी वाईला सापडलेल्या कागदांवरून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, १९१०ला मंडळ उभं राहिलं, त्यांच्या मृत्यूनंतर लगेच, १९२७ला, धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ झालं. त्या पिढीनं पायी हिंडून रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, वाचवले, आणि कागद कुठे मिळाला हे लिहून ठेवायची शिस्त लावली. ती शिस्त आज फॉरवर्डच्या काळात जास्तच हवी आहे. पण त्यांचा शोध मुख्यतः मराठ्यांच्या राज्यकारभाराचा होता. गिरणी, नळाचं पाणी, प्लेगच्या छावण्या, विडी कारखाना हा त्यांचा विषय नव्हता, असायलाच हवा होता असंही नाही.

त्याहून मोठं कारण भाषेचं आहे. सोलापूरचे कागद मोडीत आहेत, मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, तेलुगूत, उर्दूत, गुजराती पेढ्यांच्या वह्यांत आहेत. कुठल्याही एका मध्यवर्ती संस्थेत हे सगळं वाचणारी माणसं एकत्र नसतात. सोलापुरात ती एका गल्लीत असतात. फलकावरची तेलुगू ओळ शेजारघरात वाचली गेली, कन्नड वही ज्या घरातली त्याच घरात वाचली गेली. फोटोतला चेहरा ओळखणारी म्हातारी पुण्याला जाणार नाही, फोटो तिच्यापर्यंत गेला पाहिजे. कागद गावापासून तोडला की त्याला वाचणारी निम्मी माणसं तोडली जातात.

घरातल्या कागदांचं हे झालं. कचेऱ्यांतल्या कागदांची गोष्ट आणखी कठीण आहे, कारण तिथे नाश नियमानं होतो. सरकारी अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत: अ वर्ग कायम ठेवायचा, ब तीस वर्षं, आणि खाली उतरत उतरत ड वर्ग एक वर्ष. मुदत संपली की निर्लेखन, म्हणजे रद्दी. कचेरीच्या सोयीसाठी हे बरोबरच आहे, सगळंच ठेवत बसलं तर माणसांना बसायला जागा राहणार नाही. पण कचेरीला ज्याचं काम संपलं त्याचं गावालाही काम संपलं, हे गृहीत धरलं जातं. नळाला पाणी येत नाही म्हणून चाळीतल्या चाळीस जणांनी अंगठे उठवून दिलेला तक्रारअर्ज कचेरीच्या लेखी वर्षा-दोन वर्षांत निकामी होतो. त्या चाळीत कोण राहत होतं, किती जणांना सही येत होती, पाणी कुठपर्यंत आलं होतं हे सांगणारा तो बहुधा एकमेव कागद असतो. जिल्ह्याबाहेरच्या एका कार्यालयात जिन्याखाली अशाच अर्जांचे गठ्ठे मी सुतळीनं बांधलेले पाहिले होते. मी परवानगीचा अर्ज केला, उत्तर यायच्या आत गठ्ठे वजनावर गेले होते. तिथल्या कारकुनाची यात चूक नव्हती. नेमून दिलेलं काम त्यानं वेळेत केलं, आणि ‘आधी गावाला विचारा’ अशी ओळ त्याच्या नियमात नव्हतीच.

ती ओळ घालता येईल. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५चा आहे. माहिती अधिकाराच्या कायद्याचं कलम ४ सांगतं की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवावेत. कायद्याची भाषा आहे, तिला गावपातळीवर हातपाय नाहीत. निर्लेखनाआधी यादी शहराच्या दप्तराला दाखवायची, महिनाभर मुदत द्यायची आणि दप्तरानं मागितलेले गठ्ठे रद्दीऐवजी तिकडे पाठवायचे, एवढं केलं तरी फार फरक पडेल.

जुन्या कागदांची किंमत सरकारला कळत नाही असंही म्हणता येत नाही. २०२३च्या शेवटी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती काम करू लागली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत तहसिलांच्या, शाळांच्या, भूमी अभिलेखाच्या खोल्या उघडल्या गेल्या. मोडी वाचणाऱ्यांना अचानक बोलावणी आली. मराठवाड्यात उर्दू आणि फारसी वाचणारे शोधावे लागले. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचं काहीही मत असो, त्या काही महिन्यांत एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली: शंभर वर्षांपूर्वीच्या गाव नमुन्यातली एक ओळ आजच्या घराचं भविष्य ठरवू शकते, आणि ती ओळ कुठल्या कपाटात आहे हे आपल्याला सांगता येत नव्हतं. गरज पडल्यावर धावपळ करून नोंदी शोधण्यात जितकी माणसं गुंतली, त्यातल्या थोड्यांना आधीपासून पगार देऊन ठेवला असता तर हे काम शांतपणे झालं असतं.

आता एका आक्षेपाबद्दल, जो मला अजूनही अस्वस्थ करतो. सोलापुरात सेटलमेंट नावाची वस्ती आहे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जे समाज जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांना इथे तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. रोज हजेरी, बाहेर पडायला पास. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, वस्तीचं नाव मात्र राहिलं. तिथल्या एका निवृत्त शिक्षकांना मी उत्साहानं म्हटलं की सेटलमेंटची रजिस्टरं मिळाली तर केवढा इतिहास हाती येईल. ते म्हणाले, “माझ्या आजोबांच्या नावापुढे चोर लिहिलंय त्यात. तुम्हाला इतिहास दिसतो. मला वाटतं ती जाळावीत.”

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. मी आधी मनातल्या मनात वाद घातला, की कागद जाळल्यानं अन्याय पुसत नाही, अन्याय करणाराच सुटतो. हे खरं आहे, पण ते सांगण्याचा अधिकार माझ्याकडे आहे का? माझ्या आजोबांच्या नावापुढे कुणी चोर लिहिलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला हेही खरं की विमुक्त जातींच्या, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या याच समाजांच्या, दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि ज्यांच्या घरी शाळेचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं त्यांच्याकडे असा कागद सहसा नसतो. ज्या सरकारी नोंदीनं आजोबांचा अपमान केला, तीच नात कॉलेजला जाताना कामी येऊ शकते. आज माझं मत असं आहे: असे कागद नष्ट करू नयेत, पण त्यांची पहिली प्रत त्या समाजाच्या हाती जावी, आणि बाकीच्यांना ते कधी, कितपत दाखवायचे हे त्या समाजातली माणसं बसून ठरवतील अशी व्यवस्था असावी. हे मत त्या गुरुजींनाही सांगितलं. ते पूर्ण पटलं नाही त्यांना, पण “पहिली प्रत आमच्याकडे” यावर ते थोडे थांबले. शहराच्या दप्तराला नियम हवेत ते यासाठी. जमा करायचं आणि सरसकट नेटवर टाकायचं, हा नियम होऊ शकत नाही.

पैशांचा मुद्दा मी थोडक्यात घेतो, कारण तो दिसतो तेवढा मोठा नाही. महाराष्ट्रात सरकारी अनुदान घेणारी दहा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. १९६७च्या कायद्यानं त्यांचं अ, ब, क, ड असं जाळं आधीच विणलेलं आहे. नवी इमारत नको, नवी संस्था नको. तालुक्याच्या गावातल्या एका ग्रंथालयात एक कोरडी खोली, एक स्कॅनर, दोन लोखंडी कपाटं आणि कागद हाताळायला शिकलेलं एक पगारी माणूस. पगारी यासाठी म्हणतो की सेवाभावावर चालवलं की ते पुन्हा एका माणसाच्या आयुष्याला बांधलं जातं.

आणि मूळ कागद घरातून ओढून आणायचा हट्ट नको. लोक कागद देत नाहीत त्यामागे जमिनीच्या वादाची भीती असते, भाऊबंदकी असते, कधी नुसती माया असते. प्रत करून मूळ परत द्यावं आणि परत देताना तो कसा ठेवायचा हे सांगावं. मी स्वतः एक मोडी खरेदीखत प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेलं पाहिलं आहे, मुलानं वडिलांच्या आठवणीखातर झेरॉक्सच्या दुकानात करून घेतलेलं. उष्णतेनं शाई तपकिरी झाली होती आणि प्लास्टिक आता काढता येत नाही. चिकटपट्टीनं जोडलेले फोटो तर घराघरांत आहेत. हे कुणीतरी आधी जाऊन सांगायला हवं होतं. प्रत दोन ठिकाणी हवी, हे चिपळूणनं शिकवलं. २२ जुलै २०२१च्या पुरात तिथलं १८६४पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर पाण्यात गेलं, पुस्तकांचा लगदा झाला. इतकी जुनी, इतक्या आस्थेनं चालवलेली संस्थाही एका रात्रीत असहाय होते, तर आपल्या ट्रंकांचं काय?

त्या मोर्चाच्या फोटोवर आता आमचं काम चालू आहे. दोन प्रती झाल्या, मूळ फोटो मावशींच्या ट्रंकेत परत गेला, या वेळी कोऱ्या, पांढऱ्या सुती कापडात. बरोबर एक तक्ता जोडला आहे. डावीकडून तिसरी बाई, सूप धरलेली, ही मावशींच्या थोरल्या जाऊबाई. सांगणार मावशी, तारीख लिहिली. सहावी आणि सातवी, दोघी बहिणी, नावं मिळाली, आडनाव नक्की नाही. मागणी पगारवाढीची होती की पानं कमी दिल्याची, यावर दोन घरांनी दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही लिहिल्या आहेत. साल १९५०च्या दशकातलं, आकडा पुसलेला. फोटोग्राफरचं नाव लागलेलं नाही. शिक्क्यातलं एक अक्षर वाचता येतं, ‘रा’ असावं. येत्या रविवारी दत्त चौकात जुन्या स्टुडिओवाल्यांच्या घरी जायचं ठरलं आहे, त्यांच्याकडे काचेच्या निगेटिव्हची एक पेटी माळ्यावर आहे असं कळलंय.